पायाची नस पुन्हा पुन्हा दुखते, पण नेमकी कोणती?

मराठीत 'नस' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. पायाला मुंग्या आल्या तरी नस, पोटरीवर निळ्या गाठी दिसल्या तरी नस, रात्री पेटका आला तरी 'नसेवर नस चढली' आणि कंबरेतून कळ उतरली तरी 'नस दबली'. बोलण्यात याने काही बिघडत नाही. उपचारांत मात्र बिघडते. या एका शब्दाखाली शरीरातल्या किमान तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत: संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू, पायातले रक्त वर हृदयाकडे परत नेणारी शीर म्हणजे नीला, आणि हृदयाकडून रक्त खाली आणणारी धमनी. तिन्ही पोटरीत आणि पावलात एकमेकींच्या अगदी जवळून जातात, तिन्हींचे दुखणे साधारण एकाच वयात सुरू होते, आणि तिन्हींचे उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध असू शकतात. पायाचे दुखणे दोन महिने शांत राहून पुन्हा उसळत असेल, तर औषध बदलण्याआधी आपण यांपैकी कशावर उपचार करत होतो हे तपासावे, असे माझे मत आहे.

हे मत मी किंमत मोजून बनवले आहे. उभे राहून करायच्या कामामुळे माझ्या पोटरीवरच्या शिरा फुगलेल्या होत्या. त्या डोळ्यांना दिसत होत्या, म्हणून तळव्यांची रात्रीची आगही त्यांच्याच नावावर जमा झाली. दाबाचे मोजे वापरले, संध्याकाळची सूज उतरली, पाय हलके झाले आणि आग जशीच्या तशी राहिली. दीड वर्षाने साध्या रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व बरेच कमी असल्याचे निघाले. शिरा दोषी होत्याच, पण त्या गुन्ह्यात नव्हत्या.

आधी हे पाहावे

पुढचे काहीही वाचण्यापूर्वी काही लक्षणे वेगळी काढणे आवश्यक आहे, कारण ती असताना घरी बसून कारणे शोधत राहणे धोक्याचे असते. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, गरम आणि घट्ट लागू लागली, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते. अशा पायाला मालीश करू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. त्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखले, तर गुठळीचा तुकडा फुप्फुसापर्यंत गेलेला असू शकतो आणि मग एक तासही थांबू नये. पाय एकाएकी पांढरा व थंड पडून असह्य दुखू लागला, तर धमनी बंद झाल्याची शंका घ्यावी. मुंग्या किंवा अशक्तपणा काही दिवसांत पावलातून गुडघ्याकडे आणि वर चढत असेल, पाऊल उचलताना लोंबकळत असेल, अथवा पायांच्या दुखण्यासोबत जांघेचा आतला भाग बधिर होऊन लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर तोही तातडीचाच प्रसंग होय.

फुगलेल्या शिरेतून एखाद्या खरचटण्याने रक्त वाहू लागले, तर ते घाबरवून टाकणारे असते, परंतु थांबवता येते. झोपावे, पाय हृदयापेक्षा उंच धरावा, आणि स्वच्छ कापडाने त्या जागेवर किमान दहा मिनिटे न उचलता दाब द्यावा. उभे राहून किंवा बसून दाबत राहिल्यास रक्त थांबायला उगाच वेळ लागतो. दाबूनही ते थांबले नाही, तर लगेच मदत बोलवावी.

दुखणे केव्हा येते आणि कशाने जाते

दुखते कुठे, यापेक्षा ते कोणत्या वेळी येते आणि कोणत्या स्थितीत कमी होते या प्रश्नाला मी जास्त महत्त्व देतो. जागा फसवते. वेळ आणि पायाची स्थिती त्या मानाने कमी फसवतात.

शिरांचे दुखणे दिवसासोबत वाढते. सकाळी पाय हलके असतात, दुपारनंतर जड होऊ लागतात, संध्याकाळी घोट्यापाशी मोज्याच्या इलॅस्टिकचा वण उठतो, आणि नडगीवर अंगठा दाबून धरला तर खळगा पडतो. या दुखण्याला धार नसते. ते भरून आल्यासारखे, ओढल्यासारखे असते आणि सोबत घोट्याच्या आतल्या बाजूला खाज असते. पाय उशीवर उंच ठेवून अर्धा तास पडले की उतार पडतो, आणि थोडे चालले तरी बरे वाटते, कारण चालण्याने रक्त वर ढकलले जाते.

मज्जातंतूचे दुखणे याच्या उलट, विश्रांतीच्या वेळीच डोके वर काढते. दिवसभर कामात ते विसरले जाते आणि अंथरुणाला पाठ टेकली की तळव्यांची आग, टाचण्या टोचल्यासारखी टोचणी, मध्येच विजेचा झटका बसल्यासारखी कळ असे सर्व सुरू होते. काहींना पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. गंमत अशी की हेच पाय एकीकडे जळतात आणि दुसरीकडे बधिर असतात; गादीवर किंवा कापसावर चालल्यासारखे वाटते, पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी कळत नाही. सर्वसाधारण मज्जातंतुविकारात हा त्रास दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तसा हळूहळू वर सरकतो, कारण सर्वांत लांब तंतूंची टोके सर्वांत आधी उपाशी पडतात. पाय उंच केला काय आणि खाली ठेवला काय, या दुखण्याला फारसा फरक पडत नाही.

धमनीचे दुखणे चालण्याशी बांधलेले असते. ठरावीक अंतर चालले की पोटरी आवळून येते, उभे राहून दोन-चार मिनिटे थांबले की ती सुटते, आणि पुन्हा तितकेच अंतर चालले की पुन्हा आवळते. आजार वाढला की रात्री झोपेतही पाऊल दुखते आणि माणूस नकळत पाय पलंगाखाली लोंबकळत सोडतो, कारण खाली सोडल्यावर रक्त उतरते आणि बरे वाटते. शिरांच्या रुग्णाला पाय वर केल्याने आराम, धमनीच्या रुग्णाला पाय खाली सोडल्याने आराम, एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ गोंधळ टळतो. वर उचललेला पाय फिकट पडत असेल आणि खाली सोडल्यावर काळपट लाल होत असेल, तर शिरांचा विचार बाजूला ठेवून आधी धमन्यांची तपासणी करावी.

कंबरेतल्या मणक्यापाशी तंतू दाबला गेला असेल, तर त्रास बहुधा एकाच पायात असतो आणि नितंबापासून मांडीच्या मागून खाली उतरतो. मणक्यातली जागा अरुंद झालेल्यांना चालताना पोटऱ्या दुखतात, म्हणून धमनीच्या दुखण्याशी त्याची गल्लत होते. मात्र त्यांना नुसते थांबून चालत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. हातगाडी ढकलताना किंवा सायकल चालवताना ज्यांना त्रास होत नाही पण ताठ चालताना होतो, त्यांनी पायाऐवजी कंबर दाखवावी.

रात्रीचे पेटके या सगळ्यांपासून वेगळे आहेत. पोटरीत दगडासारखा गोळा येणे ही स्नायूची आकडी असते. पावलाची बोटे नडगीकडे ओढून धरली की ती सुटते. 'पाय हलवल्याशिवाय चैनच पडत नाही' अशी संध्याकाळनंतरची तगमग हाही वेगळा विकार आहे, आणि त्यात रक्तातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तपासणे फायद्याचे ठरते. यांना नसांच्या गोळ्या देत राहणे म्हणजे भलत्याच दारावर थाप मारणे होय.

मज्जातंतूचे दुखणे परत का येते

सर्वांत साधे कारण म्हणजे दुखणे दाबले गेलेले असते, कारण शोधलेले नसते. पायांच्या मज्जातंतूंना इजा करणाऱ्या कारणांत मधुमेह सर्वांत वरचा आहे, परंतु तो एकटाच नाही. बी-१२ ची कमतरता, दारू, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी, मूत्रपिंडाचे आजार, कुष्ठरोग, कर्करोगावरची काही औषधे, क्षयरोगावरचे आयसोनियाझिड, आणि घराण्यात चालत आलेले विकार अशी ही यादी लांबते. म्हणून रक्तातील साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी), बी-१२, थायरॉइड, मूत्रपिंडाचे कार्य आणि रक्तातील पेशींची मोजणी या तपासण्या झालेल्या नसतील, तर औषध लागू पडत नाही असे म्हणण्याचा आपल्याला अजून अधिकार नाही.

यात एक साखळी वारंवार नजरेतून सुटते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ चे शोषण कमी होऊ शकते. आम्लपित्तावरच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानेही तेच होते. आणि प्राणिज पदार्थ अजिबात न खाणाऱ्याकडे मुळातच साठा कमी असतो. मग पायांची आग वाढली की 'मधुमेह आहे, होणारच' असे सर्वजण म्हणतात आणि भरून काढता येण्यासारखी कमतरता तशीच राहते. कमतरता असताना केवळ फॉलिक आम्ल घेतले, तर रक्तक्षय सुधारलेला दिसतो पण तंतूंची हानी चालूच राहू शकते. दुसऱ्या टोकाचीही चूक होते. 'नसांच्या गोळ्या' म्हणून मिळणाऱ्या मिश्रणांत बी-६ असते, आणि ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर त्यानेच तंतूंना इजा होते. दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्यांतून तेच जीवनसत्त्व आपण तिप्पट घेत नाही ना, हे वेष्टनांवर वाचून पाहावे.

साखर आटोक्यात आणूनही त्रास वाढला अशी तक्रार करणारे रुग्ण खोटे बोलत नसतात. दीर्घकाळ खूप वाढलेली साखर फार झपाट्याने खाली आणली, उदाहरणार्थ तीन महिन्यांत एचबीए१सी दोन टक्क्यांपेक्षा जास्त उतरले, तर काहींना पायांची तीव्र आग नव्याने सुरू होते. ती बहुधा काही महिन्यांत ओसरते. याचा अर्थ साखर पुन्हा वाढू द्यावी असा नाही. उपचारांचा वेग डॉक्टरांशी बोलून ठरवावा, एवढाच आहे.

औषधांच्या बाबतीत पहिली गोष्ट ही की नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्यावर फारशा चालत नाहीत. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घेऊन तळव्यांची आग थांबली नाही, यात आश्चर्य नाही. उलट आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडावर भार पडतो आणि पायांची सूज वाढू शकते. या दुखण्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, प्रेगाबॅलिन आणि गॅबापेंटिन ही औषधे वापरली जातात. यांतली काही मुळात नैराश्यासाठी किंवा फिट्ससाठी आहेत हे चिठ्ठीवर वाचून अनेकजण घाबरून ती बंद करतात. ती येथे वेदनेचे संकेत शांत करण्यासाठी दिलेली असतात, मानसिक आजार आहे म्हणून नव्हे.

ती लहान मात्रेपासून चढवत न्यावी लागतात आणि योग्य मात्रेवर काही आठवडे राहिल्याशिवाय त्यांचा निकाल देता येत नाही. 'चार दिवस घेतली, गुंगी आली, सोडून दिली' ही या औषधांची नेहमीची शोकांतिका आहे. दुसरी शोकांतिका म्हणजे बरे वाटले म्हणून एका दिवसात सगळे बंद करणे. प्रेगाबॅलिन, गॅबापेंटिन आणि ड्युलोक्सेटिन अचानक थांबवले तर अस्वस्थता, निद्रानाश आणि घाम यांसोबत दुखणेही उसळते, आणि रुग्णाला वाटते की आजार परत आला. ज्यांना हृदयाच्या ठोक्यांचा दोष, काचबिंदू किंवा लघवी तुंबण्याचा त्रास आहे, त्यांनी अ‍ॅमिट्रिप्टिलिन सुरू करण्यापूर्वी तसे स्पष्ट सांगावे. अपेक्षाही वास्तव ठेवावी: वेदना निम्म्यावर आली आणि झोप लागू लागली, तर ते औषध यशस्वी मानले जाते. ज्यांना गोळ्या सोसत नाहीत, त्यांच्यासाठी मिरचीतल्या तिखट द्रव्यापासून केलेले कॅप्सेसिनचे मलम हा पर्याय आहे. मात्र ते दिवसातून तीन-चार वेळा नियमाने लावावे लागते, पहिले काही दिवस आग वाढवते, जखमेवर चालत नाही आणि लावून झाल्यावर हात नीट धुतले नाहीत तर डोळ्यांना त्याची आठवण करून देते.

तंतूंची भरपाई फार हळू होते. इजा झालेला तंतू नव्याने वाढू शकला तरी तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, आणि कंबरेपासून अंगठ्यापर्यंतचे अंतर पाहता कारण दूर झाल्यावरही सुधारणा महिन्यांत मोजावी लागते. माझ्या तळव्यांना पहिला ठळक उतार पडायला चार महिने लागले.

त्रास दोन्ही पायांत सारखा नसून एकाच पावलात, एकाच पट्ट्यात असेल, तर रक्ततपासणीपेक्षा तंतू कुठे दाबला जातो आहे हे पाहणे उपयोगी ठरते. आतल्या घोट्याच्या मागून तळव्याकडे जाणारा तंतू तिथल्या बोगद्यासारख्या जागेत आवळला गेला, तर तळव्याला मुंग्या येतात आणि घोट्यामागे बोटाने टिचकी मारली की त्या पसरतात. तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मध्ये चवड्याखाली खडा रुतल्यासारखे वाटत असेल, तर तिथला तंतू जाड झालेला असू शकतो; निमुळती, उंच टाचेची पादत्राणे बदलणे हा त्यावरचा पहिला उपचार आहे. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला टाचेत सणक येते आणि चालल्यावर कमी होते, ते दुखणे मात्र तंतूचे नसून बहुधा तळव्याच्या पडद्याचे असते.

तपासणीसाठी गेल्यावर डॉक्टरांनी दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून, १२८ हर्ट्झचा स्वरकाटा अंगठ्यावर ठेवून आणि घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया पाहून पाहिले नसेल, तर तशी विनंती करावी. तंतूंच्या विद्युत्वहनाची तपासणी 'नॉर्मल' आली म्हणून दुखणे काल्पनिक ठरत नाही. ती जाड तंतूंची परीक्षा घेते, आग आणि टोचणी वाहणारे बारीक तंतू तिच्या पकडीत येत नाहीत.

शिरांचे दुखणे परत का येते

पायातले रक्त वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. प्रत्येक पावलाला ते आवळतात, खोल शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकते आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. स्थिर उभे असताना घोट्यापाशी शिरांतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो. निरोगी माणूस चालू लागला की तो ३० च्या खाली येतो. झडपा गळू लागल्या की चालूनही तो पुरेसा उतरत नाही. मलम चोळून झडप दुरुस्त होत नाही, आणि म्हणूनच मालीश किंवा तेल यांचा आराम तासाभराचा असतो.

दाबाचे मोजे हा खरा आधार आहे, पण ते 'लागू पडत नाहीत' असे म्हणणाऱ्यांत चुकीच्या पद्धतीने घालणारे बरेच आढळतील. मोजा सकाळी, पाय जमिनीवर टेकण्यापूर्वी चढवावा. दुपारी सुजलेल्या पायावर तो ओढणे म्हणजे धरण फुटल्यावर बांध घालणे. मापे घोटा आणि पोटरी मोजून घ्यावीत, अंदाजाने नव्हे. दाबाच्या श्रेणी असतात: नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका वर्गीकरणात पहिली श्रेणी १८ ते २१ आणि दुसरी २३ ते ३२ मिलिमीटर दाबाची असते, आणि श्रेणी डॉक्टरांनी ठरवावी. वरची कड दुमडून घालू नये, कारण तिथे दाब दुप्पट होऊन दोरी बांधल्यासारखा परिणाम होतो. रात्री मोजा काढावा. साधारण सहा महिन्यांत त्याचा ताण सैल पडतो, आणि तो घालणे सोपे झाले आहे असे वाटू लागले, तर ते आपल्या कौशल्यामुळे नसून मोजा संपल्यामुळे असते.

मोजे घालण्याआधी धमन्या ठीक आहेत याची खात्री हवी. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचे गुणोत्तर त्यासाठी काढतात. ते ०.९ किंवा कमी असेल तर धमन्यांचा आजार मानला जातो; ०.५ च्या खाली असेल तर दाबाचे मोजे घालू नयेत, आणि मधल्या पट्ट्यात तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय घालू नयेत. मधुमेहींमध्ये धमन्या कडक झाल्याने हे गुणोत्तर खोटे वाढलेले येऊ शकते, म्हणून १.३ च्या वरचा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये. अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजला जातो.

शिरांची डॉप्लर तपासणी, म्हणजे रक्त कोणत्या दिशेने वाहते हे दाखवणारी सोनोग्राफी, शक्यतो उभे करून व्हावी. आडवे झाल्यावर शिरा रिकाम्या होतात आणि गळती लपते. अहवालात मोठी सॅफेनस, जी आतल्या घोट्यापासून जांघेपर्यंत जाते, आणि छोटी सॅफेनस, जी पोटरीच्या मागे असते, या दोन्हींचा उल्लेख आहे का ते पाहावे. लेसर, रेडिओलहरी, फेसाचे इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया यांनी नादुरुस्त शीर बंद करता येते, परंतु शिरा फुगण्याची प्रवृत्ती त्याने जात नाही. ती वंशाने आलेली असते आणि वजन, गर्भारपण व तासन्‌तास उभे राहणे यांनी वाढते. म्हणून काही वर्षांनी दुसरी शीर फुगली, तर आधीचा उपचार फसलाच असे नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक जांभळ्या शिरा मात्र बहुधा दिसण्यापुरत्याच असतात. त्या दिसतात म्हणून पायाच्या प्रत्येक दुखण्याचे खापर त्यांच्यावर फोडू नये.

दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉइड यांचा विचार आधी करावा, आणि औषधांची यादी तपासावी. रक्तदाबावरची अ‍ॅम्लोडिपिन ही गोळी घोटे सुजवणाऱ्यांपैकी आहे. घोट्यावरची त्वचा तपकिरी, कडक आणि चकचकीत होऊ लागली, तर तो शिरांचा इशारा समजावा. जखमेची पायरी त्याच्या पुढची आहे.

एकाचा उपाय, दुसऱ्याचा अपाय

खरी कसोटी दोन्ही त्रास एकत्र असताना लागते. मज्जातंतूंसाठी दिलेले प्रेगाबॅलिन किंवा गॅबापेंटिन काही जणांचे पाय सुजवते. मग शिरांचा त्रास वाढला असे समजून मोजे अधिक घट्ट केले जातात. सूज गोळी सुरू केल्यानंतर आली की आधीपासून होती, हा प्रश्न तारखांवरून सुटतो. शिरा बंद करण्याच्या उपचारानंतर पोटरीच्या आतल्या बाजूला किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा येऊ शकतो, कारण मोठ्या सॅफेनससोबत एक संवेदनातंतू गुडघ्याखाली लगटून जातो आणि छोट्या सॅफेनससोबत दुसरा. तो बहुतेकांचा काही महिन्यांत कमी होतो. त्याला नवा मज्जातंतुविकार समजून घाबरू नये.

बधिर पायावर घट्ट मोजा चढवणे हा स्वतंत्र धोका आहे. मोज्याची घडी रुतली तरी मेंदूपर्यंत निरोप पोहोचत नाही. अशा माणसाने मोजा काढल्यावर रोज तळवा, टाच आणि बोटांमधल्या खाचा आरशात पाहाव्यात. शेकण्याच्या बाबतीत मी कठोर आहे: संवेदना कमी झालेल्या पायाला गरम पाण्याची पिशवी, विजेची गादी किंवा कढत पाणी कधीही लावू नये. पाण्याची ऊब कोपराने पाहावी, पायाने नव्हे. आग होते म्हणून बर्फात पाय बुडवणेही तितकेच वाईट. थोडा वेळ साधे थंड पाणी पुरते. अनवाणी चालणे, घरातही, बंद करावे, आणि पादत्राणे घालण्यापूर्वी ती झटकून आत हात फिरवावा. भेगांना मलम लावावे, परंतु बोटांच्या मध्ये नाही, कारण तिथला ओलावा बुरशीला आमंत्रण देतो.

जखम झालीच, तर तिची जागा कारण सांगते. आतल्या घोट्याच्या वर, उथळ आणि पाझरणारी जखम बहुधा शिरांची असते. चवड्याखाली, भोवती कडक घट्टा असलेली आणि न दुखणारी जखम बधिरपणाची असते, आणि तिचे न दुखणेच तिला धोकादायक बनवते. बोटांच्या टोकांना किंवा टाचेला झालेली, कोरडी, काळपट आणि अत्यंत दुखरी जखम धमनीची असते. बधिर पाऊल जखम नसतानाही एकाएकी लाल, गरम आणि सुजलेले दिसू लागले, तर त्याच्या आतली हाडे ढासळू लागली असण्याची शक्यता असते. ही अवस्था कमी दुखते, म्हणून संसर्ग किंवा गाऊट समजून आठवडे वाया जातात. त्या पायावर वजन टाकणे ताबडतोब थांबवून तपासणी करावी.

दोन आठवड्यांची वही

पुढच्या भेटीपूर्वी दोन आठवडे एक साधी वही ठेवावी. दुखणे किती वाजता आले, त्या वेळी उभे होता, बसला होता की झोपला होता, पाय वर केल्याने काय झाले आणि खाली सोडल्याने काय झाले, शून्य ते दहा यांत ते किती होते, हे लिहावे. सकाळी उठल्यावर आणि झोपण्यापूर्वी घोट्याच्या वर एकाच ठिकाणी फितीने घेर मोजावा. दोन मापांतला फरक शिरांची बाजू सांगतो, तो जवळजवळ शून्य असून आग कायम असेल तर तंतूंकडे पाहावे लागते. सगळी औषधे, जीवनसत्त्वांच्या गोळ्यांसकट, सुरू केल्याच्या तारखांसह एका पानावर लिहावीत. ते पान आणि उभ्याने केलेल्या डॉप्लरचा अहवाल समोर ठेवून 'नस दुखते' असे न म्हणता 'संध्याकाळी घोटे जड होतात' किंवा 'रात्री बोटांपासून आग सुरू होते' असे सांगावे. दोन्ही होत असतील, तर दोन्ही वेगवेगळी सांगावीत, आणि दोन्हींची वेगळी तपासणी झाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.